मॉरिशसला जाऊन फक्त लगूनच पाहायचा?

भटक्या
नुकताच मॉरिशसहून परतलो. सात दिवसांच्या टूरमध्ये पोर्ट लुईला 'शॉपिंगसाठी दोन तास' दिले होते. भारतातून आलेले मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट तिथून चालत जाण्यासारखा, पण गाइड म्हणाला, "तिथे काय, जुन्या भिंती आहेत." मी बाजार सोडून गेलो. खरंच भिंतीच आहेत, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, पहिली तुकडी बेटावर आली. पुढच्याच वर्षी गुलामगिरी उठली, पण उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक मजूर या बेटावर उतरले. घाट न पाहता परतणाऱ्याने माझ्या मते फक्त हॉटेल पाहिलं.

खारट
अजिबात सहमत नाही. वर्षभर मरमर काम करून माणूस आठ दिवस पाण्यात डुंबायला जातो, त्याला लगेच अपराधी कशाला ठरवता? बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आतल्या शांत लगूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात पोरं निर्धास्त खेळतात. किनारे सार्वजनिक आहेत. रविवारी स्थानिक कुटुंबं पातेली घेऊन तिथेच येतात, त्यांनीही घाटावरच जावं का?

भटक्या
स्थानिकांना घाट ठाऊक आहे हो! २ नोव्हेंबरला तिथे सरकारी सुट्टी असते. गणेश चतुर्थीलाही असते. उसासाठी आलेल्यांत मुंबईहून निघालेले आपले कोकणी लोकही होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी जपल्यात. पणतू तिथे येऊन पणजोबांचा क्रमांक शोधतात. हो, प्रत्येकाला क्रमांक होता.

ओलीवाळू
मधेच तोंड घालते. इतिहासाच्या नावाने गाइड काहीही खपवतात, हेही लिहा की! शामारेलची सप्तरंगी माती मी तीनदा मोजली, चारच रंग सापडले. (ऊन कलल्यावर कदाचित पाच.) मुळात तो झिजून माती झालेला ज्वालामुखी खडक, लोहाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे रंगलेला. ल मोर्न डोंगराजवळचा समुद्रातला 'पाण्याखालचा धबधबा' हाही नजरेचा खेळ: उतारावरून सरकणारी वाळू, आणि तीही हेलिकॉप्टरमधूनच दिसते. पैसे उडवा, पण धबधबा म्हणू नका.

खारट
ल मोर्नचं नाव काढलंत, तर त्याच डोंगरावर भटक्यांचा 'इतिहास' बघा. पळून आलेले गुलाम वर लपले होते, सुटकेची बातमी घेऊन येणाऱ्या शिपायांना पाहून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या म्हणतात. ही लोककथा आहे, पुरावा नाही.

भटक्या
उड्यांची कथा लोककथा, मान्य. पण पळालेले गुलाम तिथे आसऱ्याला होते, हे खोटं नाही. युनेस्कोने २००८ मध्ये तो डोंगर जागतिक वारसा ठरवला तो या आठवणीसाठीच. घाट त्याआधी, २००६ मध्ये. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशीच तुमचा आवडता किनारा आहे, खारटराव.

ओलीवाळू
मग भांडण कशाचं? रात्री जेवताना हॉटेलात 'सेगा' पाहिलात ना दोघांनी? तो गुलामांचाच नाच. पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घसटत चालतात. त्याची 'रावान' म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची डफासारखी ताटली. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी जाळाशी धरून तापवतात. आमच्या हॉटेलात एका म्हाताऱ्या वादकाने स्टेजमागे जाऊन ती तापवली, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, पुन्हा तापवली. समोर सगळे बुफेच्या रांगेत.

खारट
मीही रांगेत होतो. कोळंबी संपत आली होती. पण किनारा सोडणार नाही, सांगून ठेवतो.