'फोर्क'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (जळगाव): नव्या मुलांना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवतोय. कमिट (बदल नोंदवणं), पुश (ते सर्व्हरवर पाठवणं), मर्ज (बदल एकत्र करणं) जसेच्या तसे चालतात; 'कमिट मारला का?' विचारलं की सगळ्यांना कळतं. ब्रँचला, म्हणजे त्याच प्रकल्पातल्या कामाच्या वेगळ्या वाटेला, फांदी म्हटलं तरी अडत नाही. पण 'फोर्क म्हंजे काय शे?' हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतोच. 'काटा' म्हणावं तर जेवणाचं टेबल आठवतं. सुचवा काहीतरी.

उत्तर (रावेर): 'पिल' म्हणा. केळीला फांदी फुटत नाही, बुंध्याशी पिल निघतं. कंद आईचाच, वाणही तोच, पण उपटून दुसऱ्याच्या वावरात लावलं की पाणी-खत त्याचं आणि घडही त्याचा. गिटहबसारख्या साइटवर फोर्क केला की रेपॉझिटरीची (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याची) प्रत इतिहासासकट तुमच्या खात्यावर येते. मूळ रेपॉझिटरीत लिहायची परवानगी नसली तरी इथे खुशाल मोडतोड करा. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला फोर्क तर चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, प्रतच काढतो, आणि त्या दोघींना पेरेंट आणि चाइल्ड म्हणतात. आता बोला!

उत्तर (धुळे): भाऊ, पिल कधी परत आईच्या बुंध्यात शिरलंय का? फोर्कमधला बदल पुल रिक्वेस्टने (बदल घ्या अशा विनंतीने) मूळ प्रकल्पात जाऊ शकतो, आणि बरेच जण फोर्क करतात ते त्यासाठीच. शिवाय साइटवरच्या बटणावर 'फोर्क' लिहिलंय. एरर आली आणि पोरांनी गुगलवर 'पिल' शोधलं, तर करप्यावरच्या फवारण्या सापडतील.

रावेर: हे मान्य. शोधायला फोर्कच. पण फरक डोक्यात बसायला पिल कामाचं आहे: आईजवळच ठेवलं तर ब्रँच, उपटून नेलं तर फोर्क. जवळची पिलं वेळेवर कापली नाहीत तर आईचं खाणं ओढतात. मर्ज झालेल्या ब्रँचेस कुणी उडवत नाही, तेव्हा रेपॉझिटरीत हीच दाटी होते.

धुळे: दाटीने निदान काम तरी थांबत नाही. खरा त्रास शिळ्या फोर्कचा. मुलं एकदा फोर्क करतात, मग महिनोन्‌महिने मूळ प्रकल्पाकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि पुल रिक्वेस्ट टाकली की कॉन्फ्लिक्टची (एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांची) रांग लागते. मूळ रेपॉझिटरी 'अपस्ट्रीम' नावाने रिमोट (दूरच्या रेपॉझिटरीचा पत्ता) म्हणून जोडायला पहिल्याच दिवशी शिकवा. काम सुरू करण्याआधी तिच्यातून फेच (नवे बदल आणणं), मग मर्ज. याला मराठी शब्द नाही मिळाला तरी चालेल.