'कामगार संरक्षण' हा शब्द मुक्त व्यापार करारात चालेल का?

दुभाषी
एका कामगार संघटनेच्या अभ्यासवर्गासाठी मुक्त व्यापार करारातील कामगारविषयक प्रकरणाचा मराठी अनुवाद करीत असून त्याला मी 'कामगार संरक्षण' असे शीर्षक दिले होते. मसुदा वाचून एका जाणत्या कार्यकर्त्यांनी विचारले, की करार मुक्त व्यापाराचा असेल तर त्यात संरक्षण कुठून आले? त्यांच्या दृष्टीने संरक्षण म्हणजे आयातीवर जकात बसवून देशी उद्योगाला दिलेला आडोसा. व्यापाराच्या लेखनात हाच अर्थ रुळला आहे आणि 'संरक्षणवाद' हा शब्दही त्यातूनच घडला. मला मात्र संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य, बालमजुरीवरील बंदी, सुरक्षित कामाची जागा हे सांगायचे आहे. दुसरा कोणता शब्द घ्यावा?

जुनी वही
हा घोटाळा केवळ शब्दाचा नाही, मूळ वादच तो आहे. १९९६ साली सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात मूलभूत श्रममानके पाळण्याची बांधिलकी पुन्हा व्यक्त केली गेली. परंतु ती मानके ठरवण्याचे काम आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे आहे, असे सांगून त्यांचा संरक्षणवादी हेतूने वापर करणे त्याच परिच्छेदात नाकारले गेले. कामगाराचे रक्षण आणि बाजारपेठेचे रक्षण यांत अनेक देशांना फरक दिसत नव्हता, किंवा तो असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा 'हक्क' म्हणावे. संरक्षण दुसऱ्याने द्यायचे असते, हक्क आपण बजावायचा असतो. श्रम संघटनेच्या १९९८ च्या घोषणापत्राच्या नावातही 'तत्त्वे आणि हक्क' असेच आहे.

धातुपाठ
'हक्क' अरबी आहे. 'अधिकार' हा आपला शब्द उपलब्ध असताना अधिकृत स्वरूपाच्या मजकुरात तोच वापरावा, असे माझे मत आहे. 'कामगार'ऐवजीही 'श्रमिक' घ्यावा. फारसीत 'कामगार' म्हणजे यशस्वी, ज्याची इच्छा पूर्ण झाली तो. कारखान्यात राबणाऱ्याला हा शब्द लावणे मला विपरीत वाटते.

जुनी वही
फारसीतील तो शब्द इच्छा या अर्थाच्या 'काम'वरून आला आहे, तर आपल्या शब्दातील 'काम' कर्मापासून प्राकृतातून आले आहे; दोन्ही केवळ कानाला सारखे लागतात. एकोणिसाव्या शतकातील मराठीत 'सरकारी कामगार' म्हणजे चक्क अंमलदार असे, हे लक्षात घेतले तर शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, हे पटावे. अधिकाराविषयी सांगायचे तर तो अधिकाऱ्याचा असतो. आपण 'हक्काची रजा' म्हणतो, 'अधिकाराची रजा' कोणी म्हणत नाही. ज्यांच्यासाठी हा अनुवाद आहे त्यांच्या तोंडी हक्कच आहे.

पायवाट
याच करारांत येणारी 'सक्तीची मजुरी' आमच्या गटातील एकाने 'वेठबिगार' अशी केली होती आणि त्यावर बराच वाद झाला. 'वेठ' संस्कृत 'विष्टि'वरून आलेला, 'बिगार' फारसीतून आलेला. दोन घराण्यांतील समानार्थी शब्द एकत्र बांधलेले. पण दोन्हींतून मोबदल्याशिवाय करून घेतलेले काम सुचते. १९३० च्या श्रम संघटनेच्या करारनाम्यातील व्याख्या पैशावर उभीच नाही: शिक्षेचा धाक दाखवून करून घेतलेले आणि त्या व्यक्तीने आपणहून न पत्करलेले काम, असा तिचा आशय आहे. कागदपत्रे काढून घेऊन डांबून ठेवलेल्या मजुराला पगार मिळत असला तरी तो त्या व्याख्येत बसतो. 'वेठबिगार' म्हटले की तो वाचकाच्या नजरेतून निसटतो.

धातुपाठ
मान्य नाही. मोबदला दिला तरी वेठ ती वेठच. 'वेठीस धरणे' या प्रयोगात पैशाचा संबंध कुठे आहे?

दुभाषी
ही चर्चा मोलाची आहे, परंतु माझे शीर्षक अजून अडलेलेच आहे, आणि आता 'हक्क' लिहितानाही हात थांबतो. मध्य अमेरिकेतील देशांशी झालेल्या मुक्त व्यापार करारानुसार अमेरिकेने ग्वाटेमालाविरुद्ध तक्रार केली होती. कामगार कायद्यांची अंमलबजावणी काही ठिकाणी झाली नाही, हे २०१७ च्या निर्णयात मान्य झाले. तरीही ती कसूर सातत्याने आणि 'व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने' घडल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून तक्रार फेटाळली गेली. व्यापाराला धक्का लागल्याशिवाय ज्याची दाद लागत नाही, त्याला हक्क म्हणावे का?

पायवाट
शिवाय अशा करारांत वचन सरकारे एकमेकांना देतात. २०२० साली अमलात आलेल्या अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या करारात एकेका कारखान्यापुरती तातडीची कारवाई करता येते, आणि मेक्सिकोतील सिलाओ येथील मोटार कारखान्यात त्यानंतर कामगारांचे मतदान पुन्हा होऊन नवी संघटनाही निवडून आली. पण तेथेही कारवाईची मागणी सरकारनेच करायची असते. मी 'श्रमविषयक बांधिलकी' लिहिले असते.

जुनी वही
'बांधिलकी' फार सैल आहे. कोरियाने युरोपीय संघाशी केलेल्या करारात श्रम संघटनेचे करारनामे संमत करण्यासाठी 'सातत्याने प्रयत्न' करण्याचे वचन होते. २०२१ साली तज्ज्ञ मंडळाने त्या प्रयत्नांत कसूर मानली नाही, मात्र संघटनास्वातंत्र्याशी विसंगत असलेल्या तरतुदी बदलाव्यात, असे स्पष्ट सांगितले. प्रयत्न आणि पालन यांतील हे अंतर 'बांधिलकी'त पुसले जाते. मी 'हक्क'वर ठाम आहे.

धातुपाठ
'अधिकार' नको असेल तर निदान 'श्रमिक' तरी ठेवावा. आणि 'वेठीस धरणे' याविषयी कोणीच उत्तर दिलेले नाही.