‘ग्रिस’मध्ये मरण नाही, म्हणून काय बिघडलं?

‘ग्रिस’ या व्हिडिओ गेममध्ये पात्र मरत नाही, म्हणून तो नुसता देखणा आणि आतून पोकळ, हे मत मला पटत नाही. २०१८ साली तो आला तेव्हाही काही समीक्षकांची हीच कुरकुर होती. गेमचा चित्रकार कॉनराड रोसेट याच्या चित्रांचं मात्र तोंडभरून कौतुक झालं. अहो, सुरुवात आठवा. उडीचं बटण दाबावं तर शोकात बुडालेली नायिका गुडघ्यांवर कोसळते! पुढे वाळवंटात वारा मागे ढकलतो, तेव्हा तिचा झगा जड ठोकळा होतो आणि ती तग धरते. तिचा शोक असा थेट बोटांना कळतो. मधली काही कोडी सपक आहेत, मान्य. पण शेवटाकडे तिला हरवलेला आवाज परत मिळाला आणि तिच्या गाण्याने फुलं उमलली, तेव्हा मी गाण्याचं बटण कितीतरी वेळ सोडलंच नाही.