पाण्याचं रॉकेट वर जाऊन कोलांट्या खातंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. चांद्रयान-3 उतरलं तेव्हापासून मुलांनी रॉकेटचा ध्यास घेतलाय, म्हणून यंदाच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाला पाण्याचं रॉकेट करायचं ठरवलं. कोल्ड्रिंकची 2 लिटरची बाटली, तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेलं रबरी बूच, गेजवाला उभा पंप, आणि पुठ्ठ्याचे तीन पंख. बाटली उलटी धरायची, म्हणजे तोंड खाली, तिच्यात थोडं पाणी, हवा भरत जायची, एका क्षणाला बूच सुटतं आणि पाणी खाली रॉकेट वर.

उडतं हो, पण आठ-दहा मीटर सरळ जातं आणि मग एकदम आडवं होऊन कोलांट्या खात खाली पडतं. एकदा नाही, सहाच्या सहा वेळा. आधी वाटलं वाऱ्यामुळे होत असेल, आमचा माळ उघडा आहे, वारा कायमचाच, म्हणून मग सकाळी सातला वारा पडलेला असताना मुलांना बोलावून केलं तरी तेच.

मग आम्हाला वाटलं की बूड हलकं आहे म्हणून कलंडत असेल. घागर कशी बूड जड असली की नीट बसते, तसं. म्हणून बाटलीच्या गळ्याभोवती किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून 150 ग्रॅम माती लिंपली. तर ते आणखीच बिघडलं, आता चार-पाच मीटरवरच उलटतंय. मुलं माझ्याकडे बघतायत आणि मला कारण सांगता येत नाहीये, हे मला फार लागलंय. बूड जड केल्यावर जास्त स्थिर व्हायला हवं ना? मग उलटं का होतंय?

आणखी दोन शंका आहेत. एक, पाणी किती भरायचं? आम्ही अर्धी बाटली भरतो. दोन, एका मुलीने विचारलं की पाणी जमिनीला ढकलतं म्हणून रॉकेट वर जातं का, मग अंतराळात ढकलायला काहीच नसतं तिथे कसं चालतं. मी न्यूटनचा तिसरा नियम सांगितला पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं, प्रदर्शन महिन्याभरावर आलंय.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. माती चुकीच्या टोकाला लावली गेलीय.

घागर जमिनीवर टेकलेली असते, रॉकेट कशावरच टेकलेलं नसतं, तो सगळा फरक आहे. हवेत मोकळी असलेली वस्तू फिरते ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे ती जिथे तोलून राहते त्या बिंदूभोवती. आता ती जरा तिरकी झाली की वारा, म्हणजे तिच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून लागणारी हवा, तिच्या अंगावर बाजूने आपटतो, आणि त्या सगळ्या वाऱ्याचा जोर जणू एका बिंदूवर एकवटतो, त्याला सेंटर ऑफ प्रेशर म्हणतात. तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे, शेपटीकडे असेल तर वारा शेपटीला ढकलून परत सरळ करतो. पुढे असेल तर नाकालाच ढकलतो, म्हणजे जास्तच तिरकं, आणि मग कोलांटी. तुम्ही माती खाली लावून गुरुत्वमध्य आणखी खाली ओढला, म्हणून आठाचे चार मीटर झाले.

मुलांना बॅडमिंटनचं फूल दाखवा. बूच जड, पिसं हलकी, कसंही उडवा ते बूच पुढे करूनच येतं. किंवा दिवाळीतलं रॉकेट, त्याची काडी मोडली तर ते कुठेही सैरावैरा जातं हे प्रत्येक मुलाने बघितलेलं असतं. काडीचं काम तेच, वाऱ्याला मागच्या बाजूला पकडायला लांब जागा देणं. बाणाला टोक लोखंडाचं आणि पिसं मागे, तेही यासाठीच.

आणि ताई, यात वाईट वाटून घेऊ नका, कारण हीच समजूत अमेरिकेचे रॉकेट-शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडार्ड यांचीही होती. 16 मार्च 1926 ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी त्यांनी पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं, त्यात इंजिन वर होतं आणि टाक्या खाली. विचार असा की वरून ओढलं तर खालचं वजन लंबकासारखं लोंबकळून सरळ राहील. पण इंजिन रॉकेटलाच जोडलेलं असतं, रॉकेट कललं की धक्क्याची दिशाही तेवढीच कलते, त्यामुळे लंबकाचा काही उपयोग होत नाही. पुढे त्यांनी इंजिन खाली आणलं.

आता काय करायचं ते सांगतो. माती खालून काढा. जुन्या टेनिस बॉलचा अर्धा तुकडा वरच्या टोकाला बसवून त्यात 50-60 ग्रॅम माती दाबा, टोक मऊ राहिल्याने कुणाला लागणारही नाही. पंख शक्य तितके खाली, गळ्याच्या बाजूला सरकवा. मग रिकाम्या रॉकेटला सुतळी बांधून ते जिथे आडवं तोलतं ती जागा खूण करून ठेवा, तो गुरुत्वमध्य. रॉकेटची सावली पुठ्ठ्यावर आखून तो आकार कापा आणि पट्टीच्या धारेवर तोला, तो जिथे तोलेल तिथे ढोबळमानाने दुसरा बिंदू धरा. दोन्हींत निदान बाटलीच्या रुंदीइतकं, म्हणजे 11 सेंटीमीटर अंतर हवं, पुठ्ठ्याचा बिंदू शेपटीकडे. शेवटची परीक्षा म्हणजे त्याच खुणेवर सुतळी पक्की बांधून दोन-अडीच मीटर लांबून डोक्यावर गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडवा, आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर अजून वजन पुढे घाला.

हे सगळं बाटली रिकामी ठेवूनच करायचं. पाणी तर एक दशांश सेकंदाच्या आसपास संपतं, बाकीचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचाच असतो.

धागालेखिका

दादा, खूप खूप आभार. फूल आणि काडी, दोन्ही उद्याच वर्गात दाखवते. एक दशांश सेकंद हे खरं आहे का? आम्हाला तर पाण्याचा लोट बराच वेळ दिसतो असं वाटतं.

प्रतिसाद १

खरं आहे, गणित करून बघा, नववीच्या मुलांना जमेल. आत दाब 60 पीएसआय धरा, म्हणजे बाहेरच्यापेक्षा सुमारे 4 लाख पास्कल जास्त. पाणी बाहेर पडण्याचा वेग म्हणजे दाबाची दुप्पट भागिले पाण्याची घनता, त्याचं वर्गमूळ. ते येतं सेकंदाला 28-29 मीटर. बाटलीचं तोंड आतून साधारण साडेएकवीस मिलिमीटर, म्हणजे सुरुवातीला सेकंदाला दहा लिटरच्या वेगाने पाणी जातं, पाऊण लिटर पाणी धरलं तर ते किती टिकणार. आणि धक्का येतो दाब गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले दोन, सुमारे 300 न्यूटन, म्हणजे एक किलोच्या आतलं रॉकेट आणि त्याला 30 किलो वजनाइतका जोर. पाण्याचा जो लोट दिसतो तो मागे राहिलेल्या फवाऱ्याचा असतो.

पाणी एक तृतीयांश भरा, अर्धं नको. ताकद साठते दाबलेल्या हवेत, पाण्यात नाही, पाणी दाबून लहान होत नाही. पाणी जास्त भरलं तर हवेला जागा कमी म्हणून ताकद कमी, आणि पाणीच नसेल तर फेकायला वजन नाही, हवा भसकन निघून जाते. तुमच्या त्या मुलीलाही हेच सांगा. ढकलायचं असतं ते पाण्याला, जमिनीला नाही. चाकांच्या पाटावर बसवून तिच्या हातात पाच-सहा किलोची पिशवी द्या आणि जोरात पुढे फेकायला लावा, पाट मागे सरकेल, पिशवी अजून जमिनीला लागलीही नसेल तेव्हाच. अंतराळातलं रॉकेटही स्वतःचाच माल मागे फेकत पुढे जातं. तिची शंका साधी नाही बरं का, 1920 साली न्यूयॉर्क टाइम्सने गॉडार्डना याच मुद्द्यावरून नावं ठेवली होती आणि 17 जुलै 1969 ला, अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना, चूक दुरुस्त केली.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला +1. मी फक्त सुरक्षिततेचं लिहितो कारण मुलं आहेत.

बाटली फक्त सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची, तळाला पाच पाकळ्या असलेली. साध्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नको, ती दाबासाठी केलेलीच नसते. ग्लू गनचा गरम गोंद बाटलीला लावू नका, प्लास्टिक तिथे मऊ पडतं आणि पुढच्या वेळी तिथूनच फाटतं, पंख चिकटपट्टीने बसवा. चुण्या किंवा पांढुरके चरे दिसले की बाटली बाद. रॉकेटला धातूचं काहीही नको. आणि बूच पद्धतीत ते कधी सुटेल याचा नेम नसतो, तोवर कुणी वाकून बघायला गेलं तर? म्हणून अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप घ्या, तो बाटलीच्या गळ्यात जवळजवळ नेमका बसतो, त्याला ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), गळ्याच्या कडेवर अडकतील असे केबल टाय आणि त्यांच्यावर सरकणारं मोठ्या पाइपाचं कडं. दोरी ओढली की कडं खाली सरकतं, टाय मोकळे होतात, रॉकेट सुटतं. दाबही तुम्ही ठरवाल तेवढा, 60 च्या वर जाऊ नका. दोरी दहा मीटरची.

प्रतिसाद ३

मी मुलांसाठी परदेशात मिळतात तशा तयार मोटरवाल्या, म्हणजे दारू भरलेल्या नळ्यांवर उडणाऱ्या मॉडेल रॉकेटचा विचार करत होतो. त्या नळ्यांवर सी6-5 वगैरे लिहिलेलं असतं. इथे तसं काही करता येईल का, दिवाळीच्या दारूतून?

प्रतिसाद २

नाही, कृपया नाही. फटाक्याची दारू काढून नळीत ठासणं म्हणजे घरी बॉम्ब करणं आहे, माणसं बोटं आणि डोळे गमावतात. आपल्याकडे स्फोटकांचा कायदा 1884 चा आहे आणि त्याचं काम बघणारी पेसो ही संस्था नागपुरातच आहे, शाळेने यात पडूच नये.

त्या आकड्यांचा अर्थ मात्र शिकवण्यासारखा आहे. अक्षर म्हणजे एकूण धक्का, सी म्हणजे 5 ते 10 न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. 6 म्हणजे सरासरी जोर 6 न्यूटन, 5 म्हणजे जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडायला 5 सेकंद. ताईंच्या बाटलीचा हिशोब केला तर पाऊण लिटर पाणी सरासरी सेकंदाला 24 मीटरच्या वेगाने, म्हणजे 17-18 न्यूटन-सेकंद, सरळ डी गटात. तेव्हा पाण्याच्या रॉकेटला खेळणं समजू नका.

धागालेखिका

दहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. सुतळी बांधून फिरवलं तेव्हा आमचं जुनं रॉकेट चक्क शेपटी पुढे करून फिरलं आणि सगळा वर्ग ओरडला. त्यातच दुसरी चूक सापडली. पुठ्ठ्याचे पंख एकदा भिजले की लुळे पडत होते, मुलांनीच दाखवलं, पहिल्या उड्डाणानंतर ते हाताने दुमडत होते. मग जुन्या जाहिरातीच्या सनबोर्डाचे चार पंख कापले, टेनिस बॉल बसवला, दोरीचा लाँचर केला.

शनिवारी 60 पीएसआयवर उडवलं. सरळ गेलं हो, अगदी सुतात! कोनमापकाला दोरा आणि नट बांधून 35 मीटरवरून बघितलं तर 42 अंश आले, डोळ्याची उंची धरून सुमारे 33 मीटर. मुलांनी लगेच गॉडार्डशी तुलना केली, त्यांचं पहिलं 41 फूटच गेलं होतं. केरळातल्या थुंब्याहून 20 नोव्हेंबर 1967 ला उडालेलं आपलं पहिलं देशी रॉकेट आरएच-75 फक्त 75 मिलिमीटर व्यासाचं होतं हे सांगितल्यावर एकाने लगेच बाटली मोजून बघितली, आपली त्याहून जाड निघाली म्हणून काय आनंद झाला त्याला. ज्या मुलीची शंका होती तिनेच प्रदर्शनात समजावून सांगायचं ठरलंय.

आता एकच अडकलंय. प्लास्टिक पिशवीचं पॅराशूट नाकाच्या टोपीखाली ठेवलंय, टोपी सैल ठेवली तर वर पोचायच्या आधीच निघते, घट्ट केली तर निघतच नाही. कुणी केलं असेल तर सांगा ना.

प्रतिसाद १

अभिनंदन ताई, फार बरं वाटलं वाचून! टोपीत तो बॉल आणि माती आहे ना, तेच कारण. पाणी संपलं की वारा बाटलीला मागे ओढतो, ती हळू होते आणि जड टोपी आपल्या वेगात पुढे निघून जाते. वजन टोपीतून काढून बाटलीच्या वरच्या टोकाला पक्कं चिकटवा, पॅराशूट त्याच्यावर, आणि टोपी नुसत्या जाड कागदाची, सैल. हलकी टोपी वेग असेपर्यंत वाऱ्यानेच दाबून बसते आणि माथ्यावर रॉकेट कलंडलं की गळून पडते. गुरुत्वमध्य थोडा खाली येईल, तेव्हा सुतळीवर परत एकदा फिरवून बघा.

धागालेखिका

उद्या सकाळी सातला माळावर. कळवते.