सामूहिक खाऊ माझ्या बॅगेत का म्हणून?

धरमपेठी:
आमच्या कॉलनीतले आम्ही 14 जण मे महिन्यात स्वित्झर्लंडला चाललो आहोत. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपण. परवा गच्चीवर बैठक झाली आणि आमच्या पुढारी काकांनी फर्मान काढलं की प्रत्येकाच्या बॅगेत 4 किलो सामूहिक सामान जाईल. यादीत तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मेतकूट, ठेचा, तूप, संत्रा बर्फीचे 6 डबे, राइस कुकर आणि (हसू नका) छोटा खलबत्ता. माझ्या वाट्याला तूप आणि बर्फी.

मी नाही म्हटलं. तेव्हापासून ग्रुपवर माझ्या मेसेजला कोणी अंगठासुद्धा दाखवत नाही. माझं म्हणणं एवढंच, ज्याला जे खायचं ते त्याने आपल्या बॅगेत न्यावं. कस्टमवाला उघडेल ती बॅग माझी असेल, काकांची नाही. शिवाय स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी नियम तोच आहे: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. म्हणजे तूपही गेलं आणि खव्याची बर्फीही. माझं काही चुकतंय का?

तर्री_पोहे:
चुकून राहिलं बाप्पा. तूप-बर्फीचं मान्य, काढा ते. पण डाळ-तांदळाला काऊन नाही म्हणता? आम्ही गेलो तेव्हा बाबा 72 वर्षांचे होते. सकाळी थंडगार ब्रेड, दुपारी थंडगार सँडविच. तिसऱ्या दिवशी पोट बसलं. रात्री आईने गुरगुट्या भात केला, वरून मेतकूट. वास कॉरिडॉरभर गेला. नागपुरातून निघताना ‘आम्ही तर तिथलंच खाणार’ म्हणणारे दोघं पेपर प्लेट घेऊन दारात हजर! तांदूळ कोणाच्या बॅगेतून आला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

सांबारवडी:
@तर्री_पोहे, तुमचं नशीब की धुराचा अलार्म वाजला नाही. पुष्कळ हॉटेलांत खोलीत रांधायला मनाई असते. आणि कुकर लावणार कुठे? मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन टोकं तिथे बहुधा जातात, आपली जाड तीन पिनांची नाही जात. अडॅप्टर घेतलात तर त्यावर किती वॅट चालतात ते वाचा.

तांदूळ वाहून न्यायची तर मला गंमतच वाटते. मिग्रो, कूप, कुठल्याही दुकानात मिळतो. किचनवालं अपार्टमेंट घ्या, दहीभात खा, इथून फक्त मेतकूट आणि मसाला न्या. कढीपत्ताही नको, ताजा भाजीपाला प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही.

तर्री_पोहे:
आणि रविवारी? स्टेशनातली सोडली तर तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री 14 जण उतरले तर काय बर्फ खायचा?

बर्डीकर:
तुमचं भांडण चालू द्या, मी वजनाचं सांगतो. धरमपेठी, नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलंय का? वेगळं असेल तर त्या विमानाला साधारण 15 किलोच चालतात. पुढच्या तिकिटावर 23 लिहिलेत म्हणून खूश होऊ नका. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर गोष्ट वेगळी.

आमचा तमाशा सोनेगावलाच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच झाला. काट्यावर बॅग 19 भरली. काकूंनी तिथेच फरशीवर उघडली. पैठणीच्या घडीतून चिवड्याची पिशवी निघाली, त्याखाली लोणच्याची बरणी, आणि बरणीभोवती गुंडाळलेलं काकांचं थर्मल, तेलाने पिवळंधमक. मागे रांग. लोणचं हातातल्या बॅगेत टाकलं तर सिक्युरिटीने काढलं. काकांनी पुढे युंगफ्राऊयोखला, 3,454 मीटरवर, ते पिवळं थर्मल घालूनच फोटो काढले.

वैदर्भीय_पुण्यात:
मला धरमपेठींचा सूरच पटला नाही. 14 जणांत जायचं, तिकिटात ग्रुपची सवलत घ्यायची, रात्री सगळ्यांबरोबर पत्ते कुटायचे, आणि पिशवी उचलायची वेळ आली की ‘माझी बॅग’. मग एकट्याने जावं.

धरमपेठी:
सवलत कुठली, आमची तिकिटं तीन वेगवेगळ्या जणांनी काढलीत! पिशवी उचलायला मी तयार आहे हो. आत काय आहे ते मला न सांगता भरलेली पिशवी नको. विमानतळावर ‘बॅग तुम्हीच भरली का’ विचारलं तर मी काय सांगू?

सांबारवडी:
हा मुद्दा बरोबर. आणि सामूहिक भरायचंच तर खाण्याआधी औषधांचं बघा. बीपी-शुगरच्या गोळ्या चेक-इनमध्ये टाकणारे लोक पाहिलेत मी. बॅग दोन दिवस उशिरा आली तर? गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच, चेक-इनमध्ये चालत नाही.

धरमपेठी:
अपडेट. बर्डीकर, तिकिटं वेगळीच निघाली, 15 किलो! काकांना सांगितलं तर म्हणाले, मग मुंबईपर्यंत दुरांतोने जाऊ, बर्फी गाडीतच संपवू. तूप रद्द. मी 2 किलो तांदूळ न्यायला हो म्हटलं, माझ्या हाताने भरलेला. खलबत्त्यावर काकू अजून अडून आहेत.

आता एकच सांगा, बाहेर 45 अंश असताना बर्डीच्या बाजारात कोणाकडे जाडे हातमोजे मिळतील का? तिबेट्यांची स्वेटरची दुकानं तर थंडीतच लागतात.