एएमसी असूनही बॅकअप गेला, धरायचं कुणाला?

टॉवेलवाला_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. सर्व्हर, अँटीव्हायरस, बॅकअप, सगळं एका एजन्सीकडे एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारावर. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीनंतर कुलूप उघडलं तर स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. टॅलीतले हिशेब, निर्यातीची बिलं, सगळं लॉक. बॅकअप रोज होत होता हो, पण ज्या हार्डडिस्कवर व्हायचा ती बारा महिने सर्व्हरलाच खोचलेली. तीही गेली.
इंजिनिअर ३ तासांत आला. म्हणतो, "करारात ४ तास आहेत, आम्ही वेळेत आलो." नुसतं येऊन काय, चहा पाजू? या तिमाहीचे पैसे अडवावेत का?

सर्व्हरवाला_होटगी_रोड:
मी पलीकडच्या, एजन्सीवाल्यांच्या बाजूचा, शिव्या खायची तयारी आहे. 'प्रतिसाद' किती तासांत आणि 'दुरुस्ती' किती तासांत, हे वेगळं लिहून घ्यावं लागतं. तुमच्याकडे पहिलंच दिसतंय. पण डिस्क कायम जोडून ठेवणं ही त्यांचीच चूक, त्याला माफी नाही. एक प्रत जागेबाहेर हवीच.
आता एक खरं सांगा. फायरवॉल (बाहेरचे हल्ले अडवणारी यंत्रणा) रिन्यू करा असा त्यांचा मेल आला होता का? आमचे असे मेल कुणी उघडतसुद्धा नाही.
आणि सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवलंत का? २०२२ च्या आदेशात कळल्यापासून ६ तासांची मुदत आहे. उशीर झाला असला तरी कळवा.

खतावणी:
पैशाचं भांडण नंतर करा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, आणि ते तुम्ही, एजन्सीने नव्हे. अधिकाऱ्यापुढे एएमसीचा कागद चालत नाही. जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) उतरवा, नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं त्यात नंबरासकट मिळतील. बाकीची कागदी फायलींतून.

टॉवेलवाला_सोलापूर:
जीएसटीआर-१ मधून बरंच जमलं, आभार.
मेल सापडला. ऑगस्टचा. कोटेशन १८,००० चं, आणि खाली काकांचं उत्तर: "दिवाळीनंतर बघू." घरात सध्या कुणी बोलत नाही.
तरी हार्डडिस्कचं मी सोडणार नाही. शनिवारी एजन्सीवाले येतायत. पैसे पूर्ण अडवत नाही, पण नव्या करारात एक ओळ घालतोय: दर महिन्याला मी सांगेन ती फाईल बॅकअपमधून माझ्यासमोर काढून दाखवायची, मगच बिल पास. आणि रिन्यूअलचे मेल काकांबरोबर मलाही.
काकांना अजून सांगितलेलं नाही.