‘इंटरॅक्शन सापडलं नाही’ म्हणजे सुरक्षित का? औषधांचे ऑनलाइन संदर्भ आणि आपली ओपीडी

फिजिशियन_तालुका:
रक्त पातळ करणारी गोळी, फिटचं औषध, टीबीचा कोर्स किंवा किडनीचा आजार, यांपैकी काहीही असेल तर नवीन औषध लिहिण्याआधी इंटरॅक्शन, म्हणजे औषधं एकमेकांना बाधतात का, ते बघायला ऑनलाइन संदर्भ उघडलाच पाहिजे. रुग्ण समोर बसलेला असला तरी. टीबीच्या एकट्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया, रक्त पातळ करणारं वॉरफरिन या सगळ्यांचा असर घटतो; एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर 50 मिग्रॅ एकदाऐवजी दोनदा द्यावं लागतं. इतक्या जोड्या कुणाच्या डोक्यात राहतात? मोबाइल पाहिला की रुग्णाचा विश्वास उडतो, हेही मला पटत नाही. ‘या गोळ्या एकमेकींना बाधत नाहीत ना, ते बघतो’ एवढं सांगितलं, की पिशवीच्या तळातली दुसऱ्या डॉक्टरांची स्ट्रिपसुद्धा बाहेर येते.

क्लिनिकल_फार्मासिस्ट:
सर, उघडा जरूर, पण ‘काही सापडलं नाही’ हे उत्तर मानू नका. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना आपल्याकडे रक्त पातळ करायला सर्रास असेनोकुमेरॉल असतं. जुलाब लागले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी लिहिली जाते. असेनोकुमेरॉल आणि ऑर्निडाझोल ही दोन्ही अमेरिकेत विकली जात नाहीत, त्यामुळे तिथल्या चेकरमध्ये, म्हणजे इंटरॅक्शन तपासणाऱ्या ॲपमध्ये, ती नसण्याची शक्यता मोठी. नाव जुळलं नाही की काही चेकर ते गाळून उरलेल्या औषधांचंच उत्तर देतात. पडद्यावर सगळं आलबेल, आणि इकडे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढत राहतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड, एसिक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब या वेदनाशामकांचीही तीच गत.

फिजिशियन_तालुका:
हा दोष स्रोत चुकीचा निवडल्याचा आहे. बीएनएफ या ब्रिटिश औषध-संदर्भात असेनोकुमेरॉल आहे. चेकरमध्ये नसेल तर या दोघांच्या जातीची वॉरफरिन आणि मेट्रोनिडाझोल टाकून बघा, लाल इशारा लगेच येतो.

क्लिनिकल_फार्मासिस्ट:
धोका ओळखायला ही युक्ती चालेल. डोस ठरवायला अजिबात नाही. वॉरफरिनचं अर्धायुष्य (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 40 तास, असेनोकुमेरॉलचं 8 ते 11. एक-दोन डोस थांबवल्यावर आयएनआर किती लवकर उतरेल, हे दोन्हींत वेगळं. नवीन औषध सुरू केल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करायला चिठ्ठीवरच लिहा. आणि शोधताना ब्रँडचं नाव टाकू नका, स्ट्रिपच्या मागचं कंपोझिशन वाचून एकेक मॉलिक्यूल (मूळ औषधाचं नाव) टाका. एकाच ब्रँडनावाखाली दुसऱ्या देशात भलतंच औषध असू शकतं.

जनरल_प्रॅक्टिस:
दोघांशीही असहमत. भरलेल्या ओपीडीत प्रत्येक मॉलिक्यूल टाकत बसलं तर रुग्णाला तपासायचं कधी? सहा गोळ्या घेणाऱ्या आजोबांची यादी टाका, पंधरा जोड्या तपासल्या जातात आणि पिवळ्या इशाऱ्यांची रांग लागते. त्यात खरा जीवघेणा इशाराही नजरेखालून निसटतो. मोजकी धोक्याची औषधं पाठ असलेला डॉक्टर मला जास्त सुरक्षित वाटतो.

फिजिशियन_तालुका:
पाठांतर नेमकं कुठे फसतं ते बघा. 74 वर्षांच्या बाई, वजन 42 किलो, क्रिएटिनिन 1.2. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणीचा अंदाज, 47 च्या आसपास छापून येतो. वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्रिएटिनिन क्लिअरन्स काढा: (140 − 74) × 42 भागिले (72 × 1.2), बाई म्हणून गुणिले 0.85. उत्तर 27. रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिन इंजेक्शनचा उपचाराचा डोस क्लिअरन्स 30 च्या खाली गेला की 1 मिग्रॅ प्रतिकिलो दिवसातून दोनदाऐवजी एकदाच. 47 वर विसंबलात तर बाईंना दुप्पट औषध जातं. नियम पाठ होता, आकडा चुकीचा धरला. ॲपमधला कॅल्क्युलेटर अर्ध्या मिनिटात हे दाखवतो.

जनरल_प्रॅक्टिस:
हे मान्य. पण वजन कोण घेतं? काटा टेबलाखाली ढकललेला असतो आणि चिठ्ठीवर अंदाजे 50 पडतात. 50 टाकले की तुमचा 27 चा 32 होतो. इशारा गेला. आधी वजन करा, मग ॲपचं बोला.

बालरोग_ओपीडी:
वजनाबद्दल शंभर टक्के सहमत. मुलांच्या बाबतीत दुसरा घोटाळा मिलीचा. अमेरिकी तक्त्यातलं पॅरासिटामॉल सिरप 5 मिलीत 160 मिग्रॅ. आपल्याकडे 5 मिलीत 120 किंवा 125, शिवाय 250, आणि ड्रॉप्स 1 मिलीत 100. दहा किलोच्या बाळाला 15 मिग्रॅ प्रतिकिलोने 150 मिग्रॅ हवं असेल, तर 250 च्या बाटलीतून 3 मिली, ड्रॉप्समधून 1.5. तक्त्यातले ‘5 मिली’ तसेच उतरवले आणि मेडिकलमधून 250 ची बाटली गेली, तर बाळाला एका वेळी 250 मिग्रॅ. ड्रॉप्स असतील तर 500! म्हणून संदर्भातून फक्त मिग्रॅ प्रतिकिलो घ्या, आणि चिठ्ठीवर बाटलीची स्ट्रेंथ, मिग्रॅ आणि मिली तिन्ही लिहा.

क्लिनिकल_फार्मासिस्ट:
आणि सिरिंज लिहा मॅडम. घरातल्या चमच्याला 5 मिली धरू नका, बाटलीच्या झाकणावरच्या खुणाही दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाहीत.